गुडघ्याखालची माणसं

उजव्या बुटाला तपकिरी नाडी आणि डाव्याला काळी. ते बूट पडद्यावर आले आणि तिचं बोट बटणावरच थांबलं.

दुपारची वेळ होती. मुलं जेवायला गेली होती, डिझाइनच्या विभागात गोंदाचा आणि ओल्या रंगाचा वास कोंडला होता, आणि ती 'बाद' नावाच्या फोल्डरमधल्या क्लिप्स पुसून टाकत होती. तिचा प्रबंध सादर करायचे दिवस जवळ आले होते, संगणकात जागा उरली नव्हती, आणि बाद झालेल्या गोष्टी माणसानं सांभाळायच्या तरी किती? तरीसुद्धा पुसण्याआधी प्रत्येक क्लिप एकदा बघायची, हा तिचा स्वभाव. कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघणाऱ्यांतली ती. ती शिकवत असलेली मुलं तिला पाठीमागे 'पट्टी' म्हणत, हे तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. क्लिप्समध्ये माणसं नव्हती, नुसते पाय होते. हॉस्पिटलनं परवानगी देतानाच अट घातली होती की पेशंटचा चेहरा दिसता कामा नये, म्हणून कॅमेरे भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला बसवले होते. वर्षभर ती या गुडघ्याखालच्या माणसांत राहत होती. टाचा घासत येणारी, एक पाय जपून टाकणारी, दुसऱ्याच्या पायांशी पाय जुळवून चालणारी. त्यातल्या कितीतरी जणांची तिला माया लागली होती. रस्त्यात कोणी भेटलं तर ती आधी खाली बघायची आणि मग वर.

प्रयोग साधा होता. हॉस्पिटलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये दोन वळणं होती. एकाच्या डोक्यावर जुनी पाटी होती, तिच्यावर डावीकडे तोंड केलेला सरळसोट बाण. दुसऱ्याच्या डोक्यावर तिनं रचलेली नवी पाटी; तिच्यावरचा बाण खालून यायचा आणि खुद्द कॉरिडॉर वळतो तसा वळायचा. पाटीखाली आलेला माणूस वळेपर्यंत किती घुटमळतो, एवढंच मोजायचं. आणि कोणाच्या बुटांसमोर दुसऱ्या कोणाचे बूट तोंडाला तोंड लावून उभे राहिले, म्हणजे त्यानं रस्ता विचारला, म्हणजे ती क्लिप बाद. कारण मग पाटीनं काय सांगितलं आणि माणसानं काय सांगितलं, हे वेगळं कसं काढणार? पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत ती हेच शिकून आली होती. लंबकाला वारा लागला, ते निरीक्षण टाकून द्या. टाकून देण्यात एक स्वच्छ सुख असतं. हात धुतल्यासारखं वाटतं. उरलेल्या क्लिप्सनी मग देखणा निकाल दिला होता. वळणाऱ्या बाणाखाली माणसं जवळजवळ थांबतच नव्हती.

आणि आता हे बूट. जुन्या पाटीखाली येऊन ते थांबले. टाचा जरा उचलल्या गेल्या, खाली टेकल्या. मग कडेच्या बाकड्याकडून बायकी निळ्या सपाता आल्या, बूट त्यांच्याकडे वळले, तोंडाला तोंड. मग थोड्या वेळानं बुटांच्या आणि सपातांच्या, दोन्हींच्या टाचा उचलल्या गेल्या आणि खाली आल्या. सपाता गेल्या. बूट तिथेच राहिले. ती काळी नाडी तिच्या डोळ्यांदेखत घातली गेली होती. 'नवे बूट घ्या की,' असं आई म्हणाली तेव्हा बाबा म्हणाले होते, 'नाडी तुटली आहे, बूट नाही तुटले.'

बाबा हॉस्पिटलमध्ये कशाला गेले होते? ते वळण रक्त तपासायच्या खोलीकडे जायचं, आणि पुढे हृदयविकाराच्या विभागाकडे. तिनं फोन उचलला आणि ठेवला. फोनवर बाबा म्हणणार 'काही नाही गं', आणि 'काही नाही'चं तोंड कसं झालंय ते फोनवर दिसत नाही. बसमध्ये उभ्यानं घरी येताना तिला भीती वाटत होती आणि भीतीच्या खाली, लाज वाटावी असा, एक जुना रागही होता: विचारलंच शेवटी कोणाला तरी. मुलीची पाटी लागली आहे त्या हॉस्पिटलात जाऊनसुद्धा. जित्याची खोड. लहानपणी कुठल्याही परक्या गावात उतरलं की बाबा पहिल्या दिसेल त्या माणसाला गाठायचे. पत्ता खिशात असायचा, नाव भिंतीवर हातभर अक्षरांत असायचं, ती बाबांचा शर्ट ओढत 'अहो लिहिलंय ना तिथे' म्हणत असायची, आणि बाबा त्या माणसाला 'तुम्ही इथलेच का' असं विचारत असायचे. तो माणूस मग थेट दारापर्यंत सोडायला यायचा. ती चार पावलं मागून चालायची, या दोघांशी आपला काही संबंध नाही अशी. पुढे विज्ञानाची पदवी घेऊन ती डिझाइनकडे वळली तेव्हा सगळ्यांनी विचारलं, का? तिच्याकडे शहाणी उत्तरं होती. खरं उत्तर कदाचित त्या चार पावलांच्या अंतरात होतं. अशी पाटी करावी की बाबांना कोणाला काही विचारावंच लागू नये. आणि म्हणूनच, दृश्यसंवादाच्या पहिल्याच तासाला उंच, कपाळावर आठी घेऊनच जन्मल्यासारखे दिसणारे सर आले, फळ्यावर 'चांगली पाटी तोंड उघडू देत नाही' एवढंच लिहिलं आणि मुलांकडे पाठ करून उभे राहिले, तेव्हा तिला वाटलं होतं की हे वाक्य आपलीच वाट बघत इथे थांबलं होतं.

बाबा पेपर वाचत होते. तिनं चपला काढायच्या आधी विचारलं, "बाबा, हॉस्पिटलमध्ये का गेला होतात?"

पेपर खाली आला नाही, उलट जरा वर गेला. "कोण म्हणालं?"

"तुमचे बूट म्हणाले."

आई आतून हात पुसत आली. "हॉस्पिटल? काय होतंय तुम्हाला? आणि मला पत्ता नाही!"

"मला काय धाड भरली आहे? ठणठणीत आहे. गेलो होतो असाच."

"असंच हॉस्पिटलात कोण जातं? बाग आहे का ती?"

बाबांनी पेपराची घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा घातली. "हिची पाटी बघायला गेलो होतो. वर्षभर बाण बाण करतेय पोरगी. म्हटलं, बघू तरी."

तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. आणि लगेच तिथे पट्टी जागी झाली. "मग त्या बाईंना काय विचारलंत?"

"विचारलं कशाला? मला वाचता येत नाही का? सांगत होतो. म्हटलं, बाई, ही पाटी माझ्या मुलीनं केली आहे. बघा, किती साधी आहे. कोणी अडाणी आला तरी चुकणार नाही. त्यांनी बघितली. छान आहे म्हणाल्या."

दोन्ही जोड्यांच्या टाचा. दोघं मिळून वर बघत होते तर. "पण बाबा," ती म्हणाली, "बाकड्यांजवळची ना? ती जुनी आहे. माझी पुढच्या वळणावर."

बाबांनी घडी घातलेला पेपर पुन्हा उघडला.

"पण चांगली आहे हो तीसुद्धा," बाबा म्हणाले.

आई हसत सुटली. "मुलीची पाटी ओळखता येईना आणि निघाले गावाला दाखवायला! तरी बरं, लग्नात मला ओळखलंत."

"तेव्हासुद्धा एकाला विचारून घेतलं होतं," बाबा म्हणाले. मग तिच्याकडे वळून, जरा ओशाळून, "पुढच्या वळणावरही गेलो होतो मी. तिथे चिटपाखरू नव्हतं. मग सांगणार कोणाला?"

तीही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हात धुवायला गेली तरी हसूच येत होतं. साबण बोटांमधून सरकत असताना ते शेवटचं वाक्य तिच्या कानात पुन्हा वाजलं, आणि या वेळी ते बाबांच्या नव्हे, तिच्याच आवाजात होतं. तिथे चिटपाखरू नव्हतं. पुढच्या वळणावर बाकडी नाहीत. बाकडी नाहीत म्हणून माणसं बसलेली नसतात. माणसं नसतात म्हणून तिथे कोणी कोणाला विचारत नाही. तिनं नळ बंद केला आणि ओले हात तसेच धरून उभी राहिली. तिच्या नव्या पाटीखाली जवळजवळ कोणीच बाद झालं नव्हतं, याचा तिला केवढा अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी तिनं काही पुसलं नाही. 'बाद'मधल्या क्लिप्स पहिल्यापासून लावल्या आणि प्रथमच बूट समोरासमोर येण्याच्या आधीचा भाग बघितला. आतापर्यंत तो कशाला बघायचा होता? बाद ते बाद. आता बघितलं तर बाकड्यांजवळच्या जुन्या पाटीखाली माणूस यायचा आणि त्याच्या बुटांची टोकं डावीकडे फिरायची. लगेच, न घुटमळता. पाटीनं आपलं काम केलेलं असायचं. आणि मग, वाट कळल्यावर, पाय बाकड्याकडे वळायचे, दुसरे पाय उठून यायचे, थोडा वेळ चारही पाय गप्प उभे राहायचे. एका क्लिपमध्ये बाईच्या चपला किती तरी वेळ उभ्या होत्या, समोरचे कॅनव्हासचे बूट एक पाऊल पुढे सरकले होते, आणि मग दोन्ही जोड्या बरोबरच वळून गेल्या होत्या. काय बोलली असतील ती? 'इकडूनच ना?' एवढंच बहुधा. रिपोर्ट आणायला निघालेल्या माणसाला डावीकडे जायचंय हे कळलेलं असतं. त्याला ते कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं असतं. तिनं आकडेमोड पुन्हा केली. जुन्या पाटीखाली सगळ्यात लवकर वळलेली माणसंच तिनं वेचून बाहेर टाकली होती, कारण वळल्यावर ती बोलली होती. त्यांना परत आत घेतलं, तसा दोन पाट्यांमधला तो देखणा फरक केसाएवढा उरला. बाबांना पाटी ओळखता आली नव्हती, ते उगीच नव्हे.

चूक सापडल्याचं तिला वाईट वाटलं नाही, ही तिची तिलाच गंमत वाटली; खरं म्हणजे आतून कुठेतरी लहान मुलासारखा आनंदच झाला होता. वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटत होतं. सरांच्या हाताखाली आजवर कोणाचाही प्रबंध पुरा झाला नव्हता. एक जण कंटाळून जाहिरातींकडे गेला, एकीनं लग्नानंतर सोडला, बाकीच्यांना सरांच्या 'पुन्हा कर'नं पळवून लावलं. ती टिकली होती. सर या सत्राअखेर निवृत्त होत होते, आणि नियम असा की निवृत्त माणसाचं नाव मार्गदर्शक म्हणून लागत नाही. आता प्रबंध दिला, तर पहिल्या पानावर सरांचं नाव. नाही दिला, तर दोन्ही वळणांवर बाकडी ठेवून सगळी निरीक्षणं नव्यानं घ्यायची, आणि पहिल्या पानावर दुसऱ्या कोणाचं तरी नाव. शिवाय ते वाक्य. तीस वर्षं एकेका वर्गातल्या मुलांनी वह्यांच्या पहिल्या पानावर लिहून घेतलेलं वाक्य सरांना जाताजाता परत करायचं, की सर, हे घ्या, हे पुरतं बरोबर नाही? ती वर्गात मुलांचे बाण तपासायची, 'याची मान जाड आहे', 'याला टोक आहे पण घाई नाही' असं म्हणायची, आणि मनात म्हणायची, पुसून टाकलं असतं तर? तो एक बूट दिसला नसता तर? ती कॉरिडॉरमधून सरांना समोरून येताना बघायची आणि जिना उतरून जायची. आपल्याच विभागात चोरासारखं वावरताना तिला कळलं की आपण सरांना घाबरत नाही. कधीच घाबरत नव्हतो. पहिल्या वर्षी तिनं बाण पट्टीनं आखून आणला होता तेव्हा सरांनी तो तिच्यासमोर टराटरा फाडला होता, आणि मग स्वतःच खाली बसून तुकडे गोळा करत म्हणाले होते, 'हा फार बरोबर आहे. बरोबर असलेल्या बाणाच्या मागे कोणी जात नाही. जा, चहा पी आणि थरथरत्या हातानं काढून आण.' तेव्हापासून त्यांच्या आठ्यांच्या मागे काय आहे ते तिला माहीत होतं.

शेवटी तीच गेली. सरांच्या खोलीत पोस्टरांचे ढीग पडले होते. सर एकेक पोस्टर गुंडाळून नळीत घालत होते. संगणक उघडला, क्लिप लावली आणि बाजूला झाली. सर वाकून बघत राहिले.

"हे बूट कोणाचे?"

"बाबांचे."

"काय विचारतायत?"

"विचारत नाहीयेत, सर. त्या बाईंना माझी पाटी दाखवतायत."

"पण ही तर जुनी पाटी."

"हो."

सर हसायला लागले. तिनं त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. खोकला आला, खुर्ची धरावी लागली. मग तिनं बाकीच्या क्लिप्स लावल्या, बुटांची टोकं दाखवली, नवे आकडे पुढे ठेवले, आणि हसू हळूहळू विझलं. सर पुन्हा पोस्टर गुंडाळायला लागले.

"आठवड्यापूर्वी सापडलं म्हणतेस. मग आज का?"

"आधी वाटलं, न सांगताच द्यावा."

"म्हणजे आठवडाभर मला फसवायचा विचार करत होतीस."

"हो सर. जमलं नाही."

"तुला साधा वाकडा बाण काढायला दोन महिने लागले होते. हे आठवड्यात कुठलं जमणार?" सर आधीच भरलेल्या नळीत दुसरी गुंडाळी कोंबत होते. ती जात नव्हती. "पुन्हा कर," ते म्हणाले.

"पण सर, पहिल्या पानावर..."

"पहिल्या पानावर माझी पाटी नसली तर मी काय हरवणार आहे का? गप्प बस आणि ही नळी धर." नळी धरताना तिला दिसलं की ती आधीच भरलेली आहे. तिनं गुंडाळी काढून दुसऱ्या नळीत घातली. शेवटच्या तासाला मात्र त्यांनी ते वाक्य फळ्यावर नेहमीसारखं लिहिलं आणि मुलांना म्हणाले, "हे मी सगळी वर्षं सांगत आलो. यातलं अर्धंच खरं आहे. कुठलं अर्धं, ते तुमच्या पट्टीबाई शोधतायत. तोवर कोणी अंगावर गोंदवून घेऊ नका."

नव्या मार्गदर्शक बाई सज्जन होत्या, सही करायच्या आणि हरकत घ्यायच्या नाहीत, आणि त्यामुळेच तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. दोन्ही वळणांवर आता सारखी बाकडी होती. बाकड्यावर कोणीतरी बसलेलं हवं, दोन्हीकडे तेच, विचारलं तर उत्तर देणारं आणि न विचारता तोंड न उघडणारं. कोणाला बसवावं असा प्रश्न तिनं सरांना फोनवर नुसता विचारला होता. दुसऱ्या दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालून हॉस्पिटलच्या दारात हजर. ती जिन्याखालच्या कोपऱ्यात मांडीवर संगणक घेऊन बसायची आणि पडद्यावर तिला फक्त सरांचे बूट दिसायचे, मोठे, जुने, शेजारी शेजारी नीट ठेवलेले, पहिल्या बाकावरच्या मुलासारखे. पहिल्या दिवशी त्यांना कोणीच काही विचारलं नाही. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या पेंगुळलेल्या माणसाला उठवून लोक विचारत होते. बूट अस्वस्थ झाले, एकमेकांवर चढले, उतरले.

"मला का नाही विचारत कोणी?" जेवणाच्या सुट्टीत सर म्हणाले.

"सर, तुमचा चेहरा."

"काय आहे चेहऱ्याला?"

"परीक्षक बसल्यासारखा दिसतो."

त्यावर सरांनी जे काही केलं त्याला हसणं म्हणायचं असावं. "असा?"

"नको. हा जास्त भीतीदायक आहे. तुम्ही आपले नुसते बसा."

पुढच्या दिवशी वळणाऱ्या बाणाच्या वळणावर, दुपार उलटत असताना, पडद्यावर मळक्या पांढऱ्या चपला आल्या. बाईंचे पाय सुजलेले होते. चपला पाटीखाली आल्या, टोकं डावीकडे फिरली. तिनं वेळ टिपली. मग चपला थबकल्या आणि हळूहळू बाकड्याकडे, त्या मोठ्या बुटांकडे वळल्या. बूट क्षणभर दचकल्यासारखे मागे सरकले. ठरलं असं होतं की बसूनच उत्तर द्यायचं, दोन शब्दांत. बूट उठले. 'सर, बसा,' ती इकडे जिन्याखाली पुटपुटली. बूट चपलांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, त्यांच्या लहान पावलांशी आपली लांब पावलं जुळवायला लागले, चुकले, पुन्हा जुळवली, आणि दोन्ही जोड्या डाव्या कडेनं पडद्याबाहेर गेल्या. निरीक्षणाचा बट्ट्याबोळ. पडद्यावर रिकाम्या बाकड्याचे चार लोखंडी पाय राहिले. ती वाट बघत राहिली. एक ट्रॉली गेली, कोणाची तरी काठी टकटक करत गेली, एका मुलाचे वाजणारे बूट गेले. सर आले नाहीत. अजून आले नाहीत. त्यांना या इमारतीची काय माहिती? तिकडे पुढे तर तिनं पाट्याच लावल्या नव्हत्या. तिनं संगणक मिटला आणि निघाली, आधी भरभर आणि मग जवळजवळ धावत, आपल्याच बाणाखालून वळली, पुढच्या दुफाट्यावर येऊन थांबली आणि समोरून येणाऱ्या नर्सला तिनं अडवलं.

"एक उंच गृहस्थ इकडून गेले का हो? म्हातारे, आठी घातलेले?"

"ते होय!" नर्स हसली. "ते पुढे आहेत, खिडकीपाशी. एका आजींना सोडायला आले आणि आता तिथे जो येईल त्याला रस्ता सांगतायत. एकाला चुकीचा सांगितला, मग त्याच्या मागे धावले. कोण आहेत ते?"

"सर आहेत."

"कोणाचे?"

"माझे," ती म्हणाली, आणि नर्सनं हात केला त्या बाजूला वळली.